उंबरठ्याशी थांबलेली लस

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी नारळ फुटला आणि कोविशिल्डच्या पेट्या घेऊन तीन शीतवाहने विमानतळाकडे निघाली. त्याच दिवशी ही लस देशातल्या १३ शहरांकडे रवाना झाली. पुण्याहून गुवाहाटीला पोहोचायला तिला काही तास पुरले. महाराष्ट्रातल्याच नर्मदाकाठच्या पाड्यावर, मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत किंवा ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या दंडापर्यंत पोहोचायला मात्र कित्येक महिने लागले. या उशिराला तेव्हा एक सोपे नाव मिळाले. सरकारी बैठकांत त्याला लोकांची ‘उदासीनता’ म्हणत, वाहिन्यांवर ‘गैरसमज’ म्हणत आणि खासगीत सरळ अडाणीपणा. त्या दोन वर्षांचा क्रम तारखांनिशी मांडून पाहिला, तर हे निदान टिकत नाही. अफवा होत्या, भीती होती, हे खरेच आहे. पण उशिराचे मोठे कारण मोहिमेच्या आखणीत होते. २०२० मध्ये सरकारी यंत्रणा घराघराच्या उंबरठ्यावर जाऊन आली होती. २०२१ मध्ये लस हातात आली, तेव्हा त्याच घरातल्या माणसाला या यंत्रणेने केंद्रावर बोलावले, आणि तो आला नाही म्हणून दोष त्याच्या पदरात टाकला.

लस दारी येणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली ती लस हिंदुस्थानात यशस्वी ठरलेली पहिली लस होती. पुढे ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोगच मराठीत रुजला आणि देवी काढणारा गावोगाव फिरू लागला. तो आला की मुले लपवली जात, तरीही तो पुन्हा येत असे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उतरला. वाल्डेमार हाफकिन यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षाची आठवण म्हणजे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई फुले, आणि तितकीच, देवघरापर्यंत घुसलेले बूट. दारात येणारा माणूस बरे करायला आला आहे की उचलून न्यायला, हा प्रश्न या भूमीत तेव्हापासून आहे. आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी जो कायदा लागू केला, तो १८९७ चाच होता.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि पंधरा दिवसांत देश बंद झाला. त्या वर्षात दाराशी कोण येत होते ते आठवून पाहावे. दूधवाला आणि भाजीवाला बिचकत येत. पोलीस येत. महापालिकेचे कर्मचारी गल्लीच्या तोंडाला बांबू बांधून प्रतिबंधित क्षेत्राचा फलक लावून जात. हातावर विलगीकरणाचा शिक्का बसे. एखाद्या घरी रुग्ण सापडला की रुग्णवाहिका दारात उभी राही आणि अख्खी चाळ खिडक्यांतून पाहत असे. उरलेल्या कुटुंबाला कुठल्या तरी वसतिगृहात नेत, आणि ते घर पुढे महिनाभर बोटे दाखवण्याचे ठिकाण होई. मग १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. आशाताई आणि तिच्याबरोबरचे स्वयंसेवक घरोघर फिरले, कपाळासमोर तापमापी धरली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, साठीच्या पुढचे किती, हे सारे लिहून घेतले. एवढी मोठी आणि एवढी नेमकी नोंद राज्याने क्वचितच केली असेल. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे चार महिने आधीच कागदावर आले होते. म्हणजे लस येण्यापूर्वी दारावरची थाप ही तपासणीची, नोंदीची आणि नेण्याची थाप झाली होती. काही देण्यासाठी ती क्वचितच पडली होती.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही पुढे सोयीस्करपणे विसरल्या गेल्या. लसीच्या नोंदणीसाठीच्या ‘कोविन’ या ऑनलाइन प्रणालीत बिघाड झाल्याने महाराष्ट्राला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लसीकरण थांबवावे लागले. आणि यादीत नाव असलेले कित्येक डॉक्टर व परिचारिका लस घ्यायला आलेच नाहीत. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती नव्हते. मार्चपर्यंत ती लस चाचणीच्या अटींवर, संमतिपत्रावर सही घेऊन दिली जात होती. शिकलेली, वैद्यक जाणणारी माणसे थांबून पाहत होती, आणि त्यांच्या थांबण्याला कुणी अडाणीपणा म्हटले नाही. ‘थोडे थांबू, इतरांचे काय होते ते पाहू’ हा विचार शहाणपणाचाच भाग मानला गेला. हाच विचार सातपुड्यातल्या अक्कलकुव्याच्या शेतकऱ्याने एप्रिलमध्ये केला, तेव्हा त्याला वेगळे नाव का मिळावे?

मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली. १८ एप्रिलला एका दिवसात राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा नाहीत, प्राणवायू नाही, रेमडेसिविरसाठी रात्रभर रांगा, स्मशानात टोकन. या धगीत लोक लसीकडे धावले आणि नेमकी तेव्हाच लस संपू लागली. ‘आज लस उपलब्ध नाही’ हे फलक केंद्रांच्या फाटकांवर लागले. पहाटे पाचपासून रांगेत उभी असलेली साठीतली माणसे दहा वाजता परत फिरत होती. अशा स्थितीत १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या सर्वांना लस खुली झाली. पण केंद्राने या गटाची जबाबदारी राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर टाकली होती. एकच कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० ला आणि खासगी रुग्णालयांना ६०० ला पडत होती. महाराष्ट्राला बाजारात पुरेशी लस मिळेना. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने तरुणांचे लसीकरण थांबवले आणि उरलेला साठा दुसऱ्या डोसची वाट पाहणाऱ्या ४५ वरील लोकांकडे वळवला. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन ठरवले. २१ जूनपासून ते बदलले.

त्या सात आठवड्यांत तरुणांसाठी लसीचा दरवाजा म्हणजे फोनचा पडदा होता. नोंदणी कोविनवरच, वेळ कोविनवरच, आणि सुरुवातीचे काही महिने ती प्रणाली मराठीत नव्हतीच. स्लॉट उघडे, अर्ध्या-एक मिनिटात संपे. शहरातल्या ज्या तरुणांकडे वेगवान इंटरनेट होते, त्यांनी आसपासच्या ग्रामीण तालुक्यांतले स्लॉट टिपले आणि गाड्या काढून ते तिथे पोहोचले. गावातल्या केंद्रावर शहरातली रांग लागली आणि गावकरी कट्ट्यावरून पाहत राहिले. या तरुणांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात मृत्यू पाहिलेला माणूस मिळेल तिथे लस घेणारच. पण त्या गावाने त्या दिवशी काय पाहिले, याचा विचार कुणी केला? लस आपल्यासाठी आलेली नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे दोन महिन्यांनी तोच गाव केंद्राकडे फिरकत नाही म्हणून त्याची नोंद ‘उदासीन’ अशी झाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लस अपुरी होती. अपुऱ्या वस्तूचे वाटप करायचे तर नोंद हवी, क्रम हवा, नाहीतर वशिला आणि काळाबाजार माजला असता. कोविनमुळे प्रत्येक डोसचा हिशेब राहिला, प्रमाणपत्र मिळाले, दुसऱ्या डोसची तारीख कळली. हे सर्व मान्य करायला हवे. मुंबईत त्या उन्हाळ्यात बनावट शिबिरांत दोन हजारांहून अधिक लोक फसले, तेव्हा फसवणूक उघडी पडली तीही प्रमाणपत्रांतल्या विसंगतीतूनच. पण नोंद ठेवणे वेगळे आणि नोंदीलाच प्रवेशद्वार करणे वेगळे. ४५ वरील लोकांना केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवता येत होते आणि त्याने हिशेब बिघडला नव्हता; तरुणांसाठी तीच सोय सरकारी केंद्रांवर २४ मेनंतर दिली गेली. ती आधी देणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. टंचाईमुळे सर्वांना उशीर होणार होता हे खरे. कुणाला किती उशीर व्हावा, हे मात्र टंचाईने ठरवले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अफवांचे काय? लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, पुरुषत्व जाते, पाळीच्या दिवसांत घेऊ नये, अशा गोष्टी खेड्यांत आणि शहरांतही फिरत होत्या, आणि त्यांच्यामुळे काही माणसे थांबली, त्यांतली काही गेलीही. पण अफवा कोणत्या जमिनीत रुजते ते पाहावे लागते. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर प्राथमिक आरोग्य केंद्र अनेकदा डोंगर उतरून गाठावे लागते; नर्मदेच्या पाणलोटातल्या काही वस्त्यांना बोटीशिवाय वाट नाही. तिथे बोली भिली किंवा पावरी, आणि लसीची माहितीपत्रके प्रमाण मराठीत. त्या उन्हाळ्यात आजारी पडून दवाखान्यात गेलेला माणूस परत न आल्याचे प्रत्येक पाड्याने पाहिले होते; दवाखाना आणि मरण यांची सांगड लोकांनी अनुभवातून घातली होती. शिवाय लस घेतल्यावर दोन दिवस ताप येतो, हे खरेच होते. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला तो ताप म्हणजे दोन दिवसांची रजा. रोजंदारीवर जगणाऱ्याला दोन दिवसांची बुडालेली मजुरी, तीही टाळेबंदीने आधीच कंबरडे मोडल्यावर. आरोग्य खात्याने लसीसोबत तापाच्या गोळ्या दिल्या, बुडालेल्या रोजाची भरपाई मात्र कुणी केली नाही.

मोहिमेच्या आतल्या एका साध्या नियमानेही दुर्गम वस्त्या मागे ठेवल्या, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी फोडली की चार तासांत ते संपवायचे, उरलेले फेकायचे. वाया गेलेल्या डोसचे राज्यनिहाय टक्के दिल्लीहून जाहीर होत, आणि जूनच्या नियमांनुसार तर अपव्यय जास्त असेल तर राज्याचा पुढचा वाटा कमी होणार होता. आता सहा म्हाताऱ्यांच्या पाड्यावर लसीचा निळा डबा घेऊन गेलेल्या परिचारिकेने काय करायचे? दहा जमले नाहीत तर ती कुपी न फोडताच परत येत असे, आणि त्या सहा जणांना पुढच्या खेपेला तालुक्याला यायला सांगे. दरडोई खर्चाचा हिशेब करणाऱ्याला चार डोसची नासाडी दिसते. डोंगर चढून आलेली लस समोर असून मिळाली नाही, हे त्या सहा जणांना दिसले. पल्स पोलिओच्या काळात नेमका उलटा हिशेब होता: एक मूल सुटू नये यासाठी थेंब वाया गेले तर चालतील. १९९५ पासून त्या धोरणाने रविवारचे बूथ, एसटी स्थानके, वीटभट्ट्या आणि उसाचे फड पालथे घातले, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तो अनुभव ज्या हातांत होता, ते हात २०२१ मध्येही तेच होते.

घरी जाऊन लस द्यावी अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात झाली, तेव्हा केंद्राने धोका दाखवला: लसीनंतर अर्धा तास निरीक्षण लागते, तीव्र प्रतिक्रिया आली तर घरात उपचार कसे करणार, डबा वारंवार उघडून तापमान बिघडेल. ही शास्त्रीय शंका होती, तिला तुच्छ लेखू नये. पण तिचे उत्तर घर आणि रुग्णालय यांच्या मधोमध उपलब्ध होते: शाळा, समाजमंदिर, चावडी, अंगणवाडी. मेअखेर केंद्रानेच वृद्ध आणि अपंगांसाठी घराजवळच्या केंद्रांना मान्यता दिली. ऑगस्टच्या सुमारास मुंबई महापालिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पोहोचू लागली. ऑक्टोबरात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’मध्ये रोज १५ लाख डोसचे उद्दिष्ट ठेवले, आणि नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ ही देशव्यापी मोहीमच झाली. जे जूनमध्ये अशक्य म्हटले गेले, ते नोव्हेंबरात धोरण झाले. मधल्या काळात लस बदलली नव्हती, शीतसाखळी बदलली नव्हती. साठा वाढला होता आणि निर्णय बदलला होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्राने १० कोटी डोसचा टप्पा ओलांडला. ही दस्तक देणाऱ्या राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताई त्याच वर्षी १५ जूनला संपावर गेल्या होत्या. आठवडाभराने दरमहा १,५०० रुपयांच्या वाढीवर संप मिटला. त्यांना कर्मचारी मानायचे की स्वयंसेविका, हा प्रश्न तसाच राहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तोही मानधनावरच.

सक्तीचा मुद्दा येथे टाळता येणार नाही, कारण सक्तीने आकडे वाढले असे सांगणारे बरेच आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली. तारखांचा हिशेब करून पाहा. कोविशिल्डच्या दोन डोसांत मेच्या मध्यापासून ८४ दिवसांचे अंतर होते. २१ जूनला मोफत लस सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या तिशीतल्या कामगाराचा दुसरा डोस १३ सप्टेंबरला येत होता, आणि लोकलचा पास २७ सप्टेंबरला. मेच्या पहिल्या आठवड्यात खासगी रुग्णालयात पैसे मोजून लस घेऊ शकलेला त्याच वयाचा माणूस मात्र स्वातंत्र्यदिनी गाडीत बसू शकत होता. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी होते, पण बहुतेकांच्या वाट्याला कोविशिल्डच आली. विरारचा किंवा टिटवाळ्याचा तो कामगार लस नाकारत नव्हता. सरकारने दिली त्या दिवशी त्याने घेतली होती. तरी दीड महिना एसटी, बेस्ट आणि रिक्षांवर पगाराचा मोठा वाटा घालवणे त्याच्याच नशिबी आले.

नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक डोसही न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन देऊ नये असा आदेश निघाला. जिल्हा लसीकरणात राज्यात बराच मागे होता आणि आदेशानंतर गर्दी वाढली, हे नाकारता येत नाही. पण शेतातून परतल्यावर लस मिळावी म्हणून संध्याकाळची सत्रेही त्याच काळात घेतली गेली आणि पथके गावोगाव फिरू लागली. वाढीचे श्रेय धाकाला किती आणि सोयीला किती, हे वेगळे काढणे शक्य नाही. एक फरक मात्र स्पष्ट आहे. पेट्रोल थांबले तर माणूस शेजाऱ्याची दुचाकी मागतो. रेशन थांबले तर चूल थांबते. ज्याच्यापर्यंत लस सर्वांत उशिरा पोहोचली, त्याच्यावरच सक्तीचा सर्वांत मोठा भार पडत होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती कुणावर करता येणार नाही असे सांगितले आणि लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणशीर नसल्याचे म्हटले. तोवर, गुढीपाडव्याच्या तोंडावर, महाराष्ट्राने स्वतःच निर्बंध उठवले होते.

आखणी महत्त्वाची की मन, याची एक परीक्षा त्यानंतर आपोआप झाली. १० एप्रिल २०२२ पासून १८ ते ५९ वयाच्या लोकांना वर्धक मात्रा खुली झाली, पण केवळ खासगी केंद्रांवर आणि पैसे मोजून. तीन महिन्यांत या वयोगटातल्या एक टक्का लोकांनीही ती घेतली नाही. साथ ओसरल्याने भीती कमी झाली होती, हा त्यातला एक भाग नक्कीच आहे. पण १५ जुलैपासून तीच मात्रा ७५ दिवस सरकारी केंद्रांवर मोफत झाली आणि आकडे वर चढले. भीती त्या काळात काही वाढली नव्हती.

महाराष्ट्रात करोनाने सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली, ही नोंदलेली संख्या. न नोंदलेला एक हिशेब पुढे आला तो वेगळ्याच आजारातून. २०२० आणि २०२१ मध्ये हीच परिचारिका, हीच आशाताई करोनाच्या कामाला जुंपली होती, आणि नेहमीच्या बाळलसीची सत्रे मागे पडली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले, मुले दगावली. त्यांतल्या बहुतेकांचे गोवराचे डोस चुकलेले होते. या वेळी कुणी ॲप काढले नाही, स्लॉट उघडला नाही. निळे डबे घेऊन पथके गोवंडीच्या गल्ल्यांतून निघाली आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची यादी करत दार वाजवू लागली.